दोन मजल्यांच्या मधली मुलगी

आपल्या हातून कधी कादंबरी लिहून होईल अशी शंका लिफ्टवाल्या काकांना आली नव्हती, आणि त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही आली नव्हती. काका सरकारच्या लिफ्ट तपासणी खात्यात नोकरीला होते. कागदोपत्री त्यांचं पद ‘उद्वाहन निरीक्षक’ असं होतं. पण ते राहत त्या सहा मजली इमारतीत उद्वाहन हा शब्द उच्चारायची कोणाचीच तयारी नव्हती, त्यामुळे लहानथोर सगळे त्यांना लिफ्टवाले काका म्हणत. लिफ्टवाला म्हणजे स्टुलावर बसून बटणं दाबणारा आणि निरीक्षक म्हणजे लिफ्ट चालू ठेवायची की बंद करायची ते ठरवणारा, हा फरक त्यांनी इमारतीच्या सभेत एकदा उभं राहून समजावून सांगितला होता. त्यावर सेक्रेटरी म्हणाले, “अगदी बरोबर, लिफ्टवाले काका,” आणि पुढचा विषय घेतला.

तर एका रविवारी सकाळी काका मोबाइलचा चार्जर शोधत लेकीच्या खोलीत शिरले. लेक अंघोळीला गेली होती आणि पलंगावर एक जाडजूड कादंबरी पालथी पडली होती. मुखपृष्ठावर निळसर चेहऱ्याची मुलगी, तिच्यामागे दोन चंद्र आणि शर्टाची बटणं लावायला विसरलेला एक मुलगा. मुलगी भूत होती आणि मुलगा परग्रहावरचा होता, हे मागच्या मजकुरावरून कळत होतं. पुस्तक जिथे उघडं होतं तिथे काकांनी वाचलं. त्या पानावर एका टोलेजंग इमारतीतल्या लिफ्टचा दोर तुटला होता, लिफ्ट दाणकन खाली येत होती आणि त्या मुलाने ती दोन हातांवर झेलली होती. काका मटकन पलंगावर बसले.

“दोर? एकच?” ते भिंतीला म्हणाले.

लेक डोकं पुसत आत आली. “बाबा, माझं पुस्तक!”

“अगं, एका दोरावर लिफ्ट टांगतात का कधी? आणि सगळेच्या सगळे दोर तुटले तरी लिफ्ट पडत नाही. वेग वाढला की गव्हर्नर, म्हणजे वेगावर नजर ठेवणारं यंत्र, तिला रुळावर जागच्या जागी पकडतो. ह्यांचा गव्हर्नर काय झोपा काढत होता? ह्या लिफ्टला परवाना दिला कोणी?”

“बाबा, ही लव्हस्टोरी आहे.”

“असू दे ना. प्रेमात पडलेल्यांनी काय ब्रेकशिवाय फिरायचं?”

“तुम्हाला यातलं काही कळत नाही. तुम्हाला सगळं जग म्हणजे तपासणी अहवाल वाटतो.” तिने पुस्तक हातातून काढून घेतलं. “एवढं येतंय तर तुम्हीच लिहून दाखवा ना!”

काका बाहेर आले आणि मागे दार लागलं. हे दार हल्ली फार लागायचं. लहानपणी ही मुलगी सुट्टीच्या दिवशी त्यांचं बोट धरून गच्चीवरच्या मशीन रूममध्ये यायची, ग्रीसचा वास नाकात भरून घ्यायची आणि उतरताना सगळ्या मजल्यांवर थांबून प्रश्न विचारायची. तिचे प्रश्न कधी संपायचेच नाहीत. आता ती मोठी झाली होती, कॉलेजात जात होती आणि बापाशी बोलायला तिला ‘हो’, ‘नाही’ आणि ‘जेवले’ एवढे शब्द पुरत होते. काकांना याचं वाईट वाटायचं. रागावून, समजावून, खाऊ आणून सगळं झालं होतं. त्यामुळे ‘लिहून दाखवा’ ह्या दोन शब्दी आव्हानात काकांना अपमान तर दिसलाच, पण त्याहून जास्त करून त्यांना त्यात एक फट दिसली. तिने काहीतरी मागितलं होतं.

“मी कादंबरी लिहितोय,” त्यांनी स्वयंपाकघरात जाहीर केलं.

“आधी चार्जर सापडला का?” काकूंनी भाजी चिरता चिरता विचारलं.

काका रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी लिहायला बसू लागले. विषय ठरलेलाच होता: भूत, परग्रह, विज्ञान, प्रेम, आणि सगळी मंडळी कोवळ्या वयाची. पण आयुष्यात त्यांनी न तपासलेल्या लिफ्टबद्दल एक ओळ लिहिली नव्हती, म्हणून लिफ्ट घेतली ती आपल्याच इमारतीची, पत्त्यासकट. शिवाय हाताला वळण पडलेलं. डावीकडे रुंद समास, परिच्छेदांना आकडे, मजकूर तीन प्रतींत आणि प्रत्येक पानाच्या तळाशी सही. कादंबरीची सुरुवात अशी झाली:

‘१.१ सदर मुलगी कॉलेजातून घरी परतत असता इमारतीतील उद्वाहन तिसऱ्या व चौथ्या मजल्यांच्या दरम्यान थांबले. १.२ तेव्हापासून ती बाहेर आलेली नाही. १.३ आत दिवा मात्र चालू दिसतो.’

मुलगा होता कमी गुरुत्वाकर्षणाच्या ग्रहावरचा. तिथे माणसं उडी मारूनच वरच्या मजल्यावर जातात, त्यामुळे बिचाऱ्याने जन्मात लिफ्ट पाहिली नव्हती. तो येतो, बंद दारासमोर थांबतो आणि दाराच्या फटीतून आतल्या भुताशी बोलू लागतो. भूत दारातून आरपार का येत नाही, असा प्रश्न काकूंना पडला. “लिफ्ट मजल्याला लागल्याशिवाय दार उघडत नाही,” काका म्हणाले. “कुलूपच तसं असतं. भूत झालं म्हणून नियमातून सूट नाही.”

आठवडाभर काकांनी पानं मुद्दाम जेवणाच्या टेबलावर विसरून ठेवली. लेक ती बाजूला सरकवून ताट ठेवायची. मग एका सकाळी ती दात घासता घासताच बाहेर आली, हातात एक पान घेऊन.

“हे चार पॉइंट सात तुम्ही लिहिलंय?”

काकांनी चष्मा लावला. ‘४.७ मुलाने फटीतून बोट आत घातले. असे करणे अत्यंत धोक्याचे आहे. तरी त्याने घातले. ४.८ तिने ते धरले.’

“हो. का? काही चुकलं?”

“नाही,” ती म्हणाली. आणि तोंडातला फेस सांभाळत उभीच राहिली. “पुढचं कुठाय?”

त्या दिवशी काका ऑफिसला गेले ते जिन्याच्या कठड्यावर तबला वाजवत. पुढचे काही दिवस घरात नुसता आनंदीआनंद होता. लेक पानं वाचायची, भांडायची, ‘असं कोण बोलतं बाबा’ म्हणायची. काका तिच्या सगळ्या हरकती टिपून घ्यायचे. आणि मग तिने तो प्रश्न विचारला. “शेवटी ती जिवंत होते ना?”

“जिवंत? अगं, भूत आहे ती. मेलेलं माणूस जिवंत कसं होणार?”

“पण तो एवढा लांबून आलाय तिच्यासाठी!”

“लांबून आला म्हणून काय झालं? शेवटी तो परत जातो आणि लिफ्टमधला दिवा विझतो, असं मी योजलंय. नियमाबाहेर मला जाता येत नाही बाळा.”

“मग तुमच्या नियमांशीच बोला,” लेक म्हणाली, आणि दार लागलं. शेवटचं प्रकरण लिहायचं राहिलं. पेन उचललं की ते दार डोळ्यांसमोर यायचं.

दरम्यान कादंबरीची बातमी इमारतभर झाली, आणि सल्ल्यांना तोटा राहिला नाही. पाचव्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई म्हणाल्या, भूत गाणारं हवं, आणि गाणारं असेल तर सुरात हवं. बेसूर भुताची वाचकावर काय छाप पडणार? चौथ्या मजल्यावर ज्यांचा दवाखाना होता त्या दातांच्या डॉक्टरांची तक्रार अशी, की कादंबऱ्यांत लोकांची हृदयं दुखतात पण दाढ कोणाचीच दुखत नाही. परग्रहावरच्या मुलाला निदान एक कीड तरी द्या. सेक्रेटरींचं म्हणणं थोडक्यात होतं. गोष्ट आपल्या इमारतीत घडते आहे, तर रंगकाम नुकतंच झाल्याचा उल्लेख ओघात यावा. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं एक बरं असतं, त्यांना शेळीशी देणंघेणं नसतं. काकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि रंगकाम तेवढं पाचव्या प्रकरणात घातलं.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण काका नियमाचे पक्के. सरकारी नोकराने पुस्तक छापायचं तर खात्याची पूर्वपरवानगी लागते, असा नियम होता. तो कोणी पाळत नसे, कारण तो कोणाला ठाऊक नव्हता. काकांना ठाऊक होता. न मागितलेली परवानगी मागायला जाणं यालाच आपल्यात हात दाखवून अवलक्षण म्हणतात. काकांनी अर्ज लिहिला, सोबत कादंबरी जोडली, शेवटचं प्रकरण मागाहून सादर करतो असा शेरा मारला आणि गठ्ठा आवक टेबलावर ठेवला.

आवक टेबलावरचे कारकून कामाला अतिशय चोख होते. एका गठ्ठ्यात दोन विषयांचे कागद आले तर ते सोडवून दोन टेबलांकडे पाठवायचे, ही तिथली रीत. त्यांनी अर्ज वाचला. परवानगी, म्हणजे आस्थापना शाखा. अर्ज तिकडे गेला. मग त्यांनी जोडपत्राचं पहिलं पान पाहिलं. रुंद समास, आकडे, तळाशी निरीक्षकाची सही, इमारतीचा पत्ता, अडकलेली मुलगी, ‘बाहेर आलेली नाही’. त्यांनी दुसरं पान उलटलं नाही. एवढा भयंकर मजकूर असताना दुसरं पान उलटत बसणारा कारकून कसला? त्यांनी वर लाल पेनने ‘अपघात, तातडीचे’ असं लिहिलं आणि स्वतः चालत जाऊन गठ्ठा अपघात शाखेत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका खाली उतरले तेव्हा लिफ्टसमोर खात्याचा धाकटा निरीक्षक उभा होता. हा पोरगा काकांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याच्या हातात लाखेची कांडी होती आणि तळमजल्याचं दार दोरीने बांधून झालं होतं.

“सर, तुम्ही!” त्याने वाकून नमस्कार केला. “तुमचा अहवाल मिळाला. वर्षानुवर्षं मुलगी आत आहे म्हणे. सर, तुमच्याच इमारतीत, आणि तुम्ही काही लपवलं नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.”

“अरे गाढवा, ती कादंबरी आहे!”

“असेल सर. पण तुम्हीच शिकवलंय. सही असलेल्या अहवालावर आधी सील, मग चौकशी.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. काकांनी सील पाहिलं. गाठ उत्तम होती, लाख जिथे हवी तिथेच होती, मोहोर स्वच्छ उमटली होती. त्यांचा ऊर भरून आला आणि त्याच वेळी मागून सेक्रेटरींचा आवाज आला, “लिफ्टवाले काका, हे काय?”

त्यानंतर इमारतीने काकांना काय काय ऐकवलं ते सगळं सांगायचं म्हणजे लिहिणाऱ्याची अब्रू जायची. गाण्याच्या बाई पाचव्या मजल्यावर पोचल्या की तासभर त्यांच्या तोंडून षड्जसुद्धा फुटेना. डॉक्टरांचे पेशंट चौथ्या मजल्यापर्यंत येता येता एवढे दमत, की दाढ दुखायची थांबे आणि ते जिन्यातूनच परत फिरत. भाजीच्या पिशव्या दोरीने खिडकीतून वर ओढल्या जाऊ लागल्या. काल ज्यांना कादंबरीत यायचं होतं ते आज म्हणू लागले, की हा माणूस पहिल्यापासूनच असा. घर फिरलं की वासे फिरतात, इथे तर सहा मजल्यांचे वासे होते. काका सकाळी सगळ्यांच्या आधी निघत आणि जिन्यात कोणाची चाहूल लागली की बुटाची नाडी बांधायला वाकत. एवढ्या वेळा नाडी सुटणारा माणूस इमारतीने पूर्वी पाहिला नव्हता.

ऑफिसात काका थेट अपघात शाखेच्या हेडक्लार्ककडे गेले. हेडक्लार्क काहीतरी वाचत होते. त्यांनी ते घाईने खणात सरकवलं.

“ती मुलगी खरी नाही,” काका म्हणाले. “मी लेखी देतो. सील काढा.”

“खरी नाही हे आम्हालाही समजलं हो, सहाव्या प्रकरणात. दुसरा चंद्र उगवतो तिथे.” हेडक्लार्कने आवाज खाली आणला. “पण प्रकरण एकदा अपघातात नोंदलं, की ते बंद व्हायच्या वाटा दोनच. मुलगी मेली किंवा मुलगी सुटली. ‘मुलगीच नाही’ असा शेरा मारायची सोय नाही.”

“मग मेली म्हणून लिहा. भूतच आहे ती.”

“लिहितो. पण मृत्यू म्हटला की पूर्ण चौकशी आली. पोलीस, पंचनामा, तज्ज्ञांचा अहवाल. तोवर सील तसंच राहणार. शिवाय...” हेडक्लार्क इकडेतिकडे बघून पुढे वाकले. “मरते का हो ती? शेवटचं प्रकरण जोडलेलं नाही. टायपिस्ट बाईंनी कालपासून काम सोडलंय. आस्थापनेचे दोघं खाली येऊन वाचून गेले. मोठ्या मॅडमनी गठ्ठा घरी नेला होता, आज परत आला तर चार पॉइंट सातवर खूण केलेली.”

मोठ्या मॅडम म्हणजे खात्याच्या प्रमुख. त्या हसल्याचं कोणी पाहिलं नव्हतं आणि पाहिलं असतं तरी कोणी सांगितलं नसतं. “त्यांनी शेरा काय मारलाय?” काकांनी घाबरत विचारलं.

हेडक्लार्कने गठ्ठा उघडून दाखवला. ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: ‘शेवटच्या प्रकरणासह समक्ष सुनावणी ठेवावी. इमारतीतील रहिवाशांनाही बोलवावे.’

काका त्या संध्याकाळी जिना चढायला लागले तेव्हा त्यांच्या पायांपेक्षा मन जड झालं होतं. लिफ्ट सोडवायची तर मुलगी सुटली असं लिहायला हवं. पण मेलेली मुलगी सुटली असं लिहिणं म्हणजे खोटा अहवाल, आणि खोट्या अहवालावर त्यांनी कधी सही केली नव्हती. कादंबरीचं कशाला, ते साधं ‘तब्येत छान आहे’ म्हणून लिहायचे तेसुद्धा नाडी बघून. आणि सही केली नाही तर उद्या सगळ्या इमारतीसमोर उभं राहायचं होतं.

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या पायऱ्यांवर लेक बसली होती. कॉलेजची बॅग पायांशी, चेहरा लालबुंद. धाप लागली होती म्हणून उठून जाता आलं नाही, एवढंच. काका दोन पायऱ्या खाली टेकले. त्यांनाही धाप लागली होती.

ती म्हणाली, “बाबा, खरंच कोणी दोन मजल्यांच्या मधे अडकलं तर तुमच्या नियमात काय लिहिलंय?”

“सोपं आहे. मशीन रूममध्ये जायचं, वीज बंद करायची, ब्रेक सोडायचा आणि हाताने चाक फिरवून लिफ्ट मजल्याला लावायची. मग दार उघडायचं.”

“आणि दार उघडेपर्यंत आतलं माणूस जिवंत की मेलेलं?”

“ते कसं सांगणार? दार उघडून बघितल्याशिवाय कोणालाही मृत धरायचं नाही. स्पष्ट नियम आहे.”

लेक एक पायरी खाली सरकली.

“तिचं दार उघडलंय का कोणी, बाबा?”

“नाही,” काका हळूच म्हणाले. “कोणीच नाही. सगळ्यांनी बाहेरूनच ठरवलं.” ते उभे राहिले. “अगं, म्हणजे ती मेलेली नाही! ती अजून पोचलेली नाही!”

“तेच तर मी सांगतेय!”

“मुलगा वर जाईल. चाक फिरवेल. त्याला लिफ्ट माहीत नाही, पण कोणीतरी सांगितलं तर फिरवेल. फक्त...” काकांचा चेहरा पडला. “एकट्याने होत नाही ते. दोघं लागतात. एकाने ब्रेक सोडून धरायचा आणि दुसऱ्याने चाक फिरवायचं. ब्रेक धरणारा चुकला तर संपलं. आता त्या पोराला इथे दुसरं कोण आणून देऊ? त्याच्या ग्रहावरून एवढ्या ऐन वेळी कोण येणार?”

“तिचे बाबा,” लेक म्हणाली.

“कोणाचे?”

“त्या मुलीचे. ते असतीलच ना त्या इमारतीत. रोज जिन्याने जात असतील, तिच्या दारावरून. ते धरतील ब्रेक.”

काकांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला, मग कपाळ पुसलं, मग परत चष्मा. “ब्रेक सोडायचं काम बापालाच जड जाणार,” ते शेवटी म्हणाले.

“म्हणूनच,” लेक म्हणाली. “चला, वर जाऊन लिहू या. मी सांगते, तुम्ही आकडे घाला.”

सुनावणीला खात्याचं सभागृह भरून वाहत होतं. एका बाजूला इमारत, दुसऱ्या बाजूला सगळ्या शाखा, आणि समोर मोठ्या मॅडम. सेक्रेटरींनी तक्रारीचा कागद काढला तेव्हा मॅडम म्हणाल्या, “आधी प्रकरण वाचा.” काका उभे राहिले. समोर मोठ्या मॅडम आणि मागच्या रांगेत लेक, त्यामुळे पहिलं पान त्यांनी उलटंच धरलं. पण वाचायला लागल्यावर ते सगळं विसरले. अहवाल मोठ्याने वाचायची त्यांना सवय होती.

त्यांनी वाचलं, की मुलगा गच्चीवर पोचतो तेव्हा मशीन रूममध्ये आधीच एक माणूस बसलेला असतो. ‘११.४ इसमाने मुलाकडे पाहिले. मुलाने इसमाकडे पाहिले. दोघांचे एकमेकांविषयी मत चांगले नव्हते. ११.५ तथापि दोघांनाही एकच दार उघडायचे होते.’ सभागृहात खसखस पिकली. ‘११.९ इसमाने वीज बंद केली. दोन्ही हातांनी ब्रेकचा दांडा धरला. हे काम सोपे नाही. आवळून धरणे सोपे असते. ११.१० इसम मुलास म्हणाला, “हळू फिरव. ती आत आहे.”’

टायपिस्ट बाईंनी नाकाला पदर लावला. हेडक्लार्कने त्यांच्याकडे रागाने पाहिलं आणि स्वतःचे डोळे पुसले.

“थांबा,” मोठ्या मॅडम कडाडल्या. “लिफ्ट कोणत्या दिशेला सरकली?”

“वर, मॅडम.”

“का?”

“आत एकटी मुलगी. तिच्यासकट लिफ्टपेक्षा दोरांच्या दुसऱ्या टोकाला टांगलेलं वजन, काउंटरवेट, कितीतरी भारी. ब्रेक सोडला की लिफ्ट वरच जाणार.”

“आणि ती भूत असती तर?”

“तर वजनच नाही, मॅडम. मग आणखी हलकी. तरी वरच. चौथ्या मजल्याला.”

मॅडमनी क्षणभर हिशोब केला. “अचूक आहे,” त्या म्हणाल्या. “वाचा. लवकर वाचा.”

‘११.१४ उद्वाहन मजल्याला लागले. ११.१५ दार उघडले. ११.१६ सदर मुलगी बाहेर आली. कॉलेजची बॅग तिच्या खांद्यावर होती. ११.१७ ती म्हणाली, “उशीर झाला का?”’

काकांनी कागद खाली ठेवला. मग पहिली टाळी वाजवली ती दातांच्या डॉक्टरांनी, आणि त्यानंतर जो कडकडाट झाला तो त्या सभागृहाने आजवर कधी ऐकला नव्हता. तिथे आजवर फक्त दंडाचे आदेश वाचले गेले होते. गाण्याच्या बाई उभ्या राहून वा वा करत होत्या. धाकटा निरीक्षक शेजाऱ्याला सांगत होता, “माझे सर आहेत ते.” मोठ्या मॅडमनी टाळ्या थांबायची वाट पाहिली, पेन उघडलं आणि मोठ्याने म्हणत म्हणत लिहिलं, “सदर मुलगी सुखरूप बाहेर आल्याचे दिसून येते. जीवितहानी नाही. प्रकरण निकाली. सील आजच काढावे. पुस्तक प्रकाशित करण्यास खात्याची हरकत नाही.” मग पेन मिटता मिटता त्या म्हणाल्या, “आणि परिच्छेदांचे आकडे काढू नका.” त्या हसल्या की नाही याबद्दल खात्यात आजही दोन मतं आहेत.

सेक्रेटरी धावत पुढे आले. त्यांनी तक्रारीचा कागद घडी करून खिशात घातला होता. “निरीक्षकसाहेब,” ते काकांचा हात हातात घेऊन म्हणाले, “अभिनंदन, निरीक्षकसाहेब!” काकांनी ते दोनदा ऐकून घेतलं.

पुस्तकाचं पुढे बरंच काही झालं. ते छापून आलं, लेकीच्या कॉलेजात हातोहात फिरलं, आणि पोरं एकमेकांना ‘चार पॉइंट सात’ अशा चिठ्ठ्या पाठवू लागली अशी तक्रारही आली. पण तो मान नंतरचा. त्या संध्याकाळी सगळी इमारत तळमजल्यावर जमली होती. धाकट्या निरीक्षकाने लाख फोडली, दोरी सोडली, लिफ्ट तपासली आणि दार उघडून बाजूला झाला. आतला दिवा लागला होता. सगळ्यांनी एका सुरात आग्रह केला, की पहिली फेरी साहेबांची. गाण्याच्या बाईंनी तर काकूंना हाताला धरून आत उभं केलं.

काका पाय उचलणार तेवढ्यात लेकीने त्यांची बाही ओढली.

“बाबा, आपण जिन्याने जाऊ या का?”

“आता? लिफ्ट चालू झाली की!”

“हो, पण मला विचारायचंय. बाहेर आल्यावर तिने त्याला आधी हाक मारली की बाबांना? तुम्ही लिहिलंच नाहीये. आणि तो परत जाणार की इथेच राहणार? आणि इथलं गुरुत्वाकर्षण त्याला झेपणार का? आणि त्या इसमाला तो आवडला की नुसता चालून गेला? आणि दुसरं...”

“अगं हो हो, एकेक विचार!”

लिफ्ट काकूंना, सेक्रेटरींना आणि गाण्याच्या बाईंना घेऊन वर गेली. सहाव्या मजल्यावर ती थांबल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा आला, काकूंनी वरून ‘अहो, कुठे राहिलात?’ म्हणून हाकही मारली. बापलेक अजून दुसऱ्याच मजल्यावर होते. ती कठड्याला टेकून हातवारे करत भांडत होती, काका मान डोलावत ऐकत होते, आणि वर पोचायची दोघांनाही मुळीच घाई नव्हती.